पुन्हा तोच सण, पुन्हा तीच सकाळ

सणाच्या एकाच दिवसात अडकून पडलेल्या माणसाची विनोदी गोष्ट हा अमेरिकन सिनेमा आणि दूरचित्रवाणीवर आज चांगला रुळलेला प्रकार आहे. सकाळी गजर होतो, तेच गाणे लागते, जिन्यात तोच माणूस तेच वाक्य बोलतो, जेवणाच्या टेबलावर कालचेच भांडण पुन्हा सुरू होते. आणि हे सगळे काल घडून गेले आहे, याची आठवण असते ती एकट्या नायकाला. रात्री झोपावे, तर उजाडतो तो पुन्हा तोच दिवस. या अडकण्याला सगळीकडे ‘टाइम लूप’ हाच शब्द वापरतात. दिवस बहुधा नाताळचा असतो, आणि आयुष्यात खरे मोलाचे काय ते नायकाला उमगले की त्याची सुटका होते. प्रकार हलकाफुलका दिसतो, पण त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातल्या नाताळात आहेत. सणाचा अतिरेक झाला तर समाजाचे काय होईल, या जुन्या काळजीतून तो निघाला आणि पुढे एकट्या माणसाच्या सुधारणेची गोष्ट होऊन बसला.

सणाच्या निमित्ताने काळ वाकवण्याची युक्ती चार्ल्स डिकन्सने रूढ केली. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हे त्याचे छोटे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये निघाले आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. कंजूष स्क्रूजला तीन भुते त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवतात. ती वेगवेगळ्या रात्री येणार असे त्याला आधी सांगितलेले असते. पण शेवटी जाग येऊन, खिडकी उघडून तो रस्त्यावरच्या पोराला आज कोणता दिवस म्हणून विचारतो, तेव्हा कळते की सगळे एका रात्रीत उरकले आणि नाताळ अजून हातचा गेलेला नाही. दिवस येथे परत परत येत नाही. मात्र सणाला तोंड फिरवून बसलेला माणूस, घड्याळाबाहेरचा काळ आणि तो दिवस नीट साजरा करायची मिळालेली दुसरी संधी, हा पुढच्या सगळ्या गोष्टींचा सांगाडा येथे उभा राहिला.

दिवस खरोखर पुन्हा पुन्हा आणला तो अमेरिकेच्या विल्यम डीन हॉवेल्सने. हॉवेल्स (१८३७ ते १९२०) हा वास्तववादी कादंबरीकार; ‘अटलांटिक मंथली’ या मासिकाचा दहा वर्षे संपादक. त्याची ‘ख्रिसमस एव्हरी डे’ ही गोष्ट ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात १८८६ मध्ये आली आणि १८९२ च्या सुमारास हार्पर प्रकाशनाने तिच्या नावाचाच बालकथासंग्रह काढला. त्या वेळी अमेरिकेत नाताळ झपाट्याने बदलत होता. १८७० मध्ये केंद्र सरकारने त्याला सुट्टीचा दर्जा दिला होता, आणि मोठमोठ्या शहरांत भेटवस्तूंचा बाजार दरवर्षी फुगत चालला होता. घराघरांतल्या प्रार्थनेचा आणि जेवणाचा दिवस खरेदीचा हंगाम होऊ लागला होता. हॉवेल्सची गोष्ट याच बदलाबद्दल आहे.

बाप मुलीला गोष्ट सांगतो, अशी तिची रचना आहे. गोष्टीतल्या छोट्या मुलीला नाताळ इतका आवडतो की ती नाताळच्या परीला पत्रावर पत्रे धाडते: रोज नाताळ असू दे. परी एका वर्षापुरता वर देते. पहिल्या दिवशी मुलगी खाऊ खाऊन आजारी पडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजे भरलेले. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. येथे नऊ दिवसही निघत नाहीत. तीन-चार महिन्यांत सकाळी चुलीशी लोंबणारे ते जाड मोजे दिसले की मुलीला रडू कोसळू लागते. सहा महिन्यांनी रडण्याचेही त्राण उरत नाही. ऑक्टोबरात ती दिसेल त्या बाहुलीवर बसू लागते, इतका तिला बाहुल्यांचा वीट आलेला असतो.

घराबाहेर जे घडते ते याहून मोलाचे आहे. टर्की पक्ष्याचा भाव हजार डॉलरला जाऊन भिडतो आणि टर्की म्हणून लोक वाटेल तो पक्षी खपवू लागतात. क्रॅनबेरीच्या एकेका फळासाठी हिरा मोजावा लागतो. नाताळच्या झाडांसाठी जंगले आणि बागा तोडल्या जातात, आणि कापणीनंतरच्या शेतासारखे नुसते बुंधे उरतात. मग चिंध्यांमध्ये कोंडा भरून झाडे करतात. चिंध्यांना तोटा नसतो, कारण भेटी घेता घेता लोक इतके कंगाल होतात की अंगावर नवे कापड येत नाही. शेवटी सगळा गाव गरीबखान्याच्या वाटेला लागतो. तरतात ते फक्त मिठाईवाले, शोभेच्या वस्तूंचे दुकानदार, चित्रांची पुस्तके विकणारे आणि पार्सले पोहोचवणारे. भेटी आता प्रेमाने हातात दिल्या जात नाहीत, कुंपणावरून फेकल्या जातात. हे सगळे कुणामुळे झाले ते मुलगी झोपेत बरळल्याने फुटते आणि तिच्याशी कुणी खेळेनासे होते.

वर्ष संपल्यावर मुलगी परीला विनवते की आता नाताळ कधीच नको. परी तिला सांगते की हाही तितकाच हावरटपणा झाला. मग घासाघीस सुरू होते. हजार वर्षांतून एकदा, शंभर वर्षांतून एकदा, असे करत करत दोघी जुन्याच रीतीवर येतात: वर्षातून एकदा. सण मोलाचा असतो तो त्याच्या आधी-नंतर साधे दिवस असतात म्हणून, हे इतक्या थोडक्यात आणि मुलांना हसवत सांगणारी दुसरी गोष्ट या परंपरेत नाही. हॉवेल्सकडे तारीख मात्र पुढे सरकते. व्हॅलेंटाइनचा दिवस, चार जुलै, थँक्सगिव्हिंग, सगळ्या दिवसांवर नाताळ चढून बसतो. शिवाय अडकलेला असतो तो सगळा समाज, आणि सगळ्यांना सगळे आठवत असते.

एकट्या माणसाने अडकायचे आणि फक्त त्यालाच आठवायचे, हा नियम विसाव्या शतकात विज्ञानकथेतून आला. रिचर्ड लुपॉफची ‘१२:०१ पी. एम.’ ही कथा डिसेंबर १९७३ च्या ‘फँटसी अँड सायन्स फिक्शन’ मासिकात आली. तिच्या नायकाला दुपारी बारा वाजून एक मिनिटापासून एक वाजेपर्यंतचा एकच तास पुन्हा पुन्हा मिळतो. जोनाथन हीपने तिच्यावर १९९० मध्ये केलेल्या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. ही गोष्ट विनोदी नाही आणि सणाचीही नाही. नायकाचा कोंडमारा तिच्यात शेवटपर्यंत सुटत नाही. हा कोंडमारा, सण आणि विनोद पहिल्यांदा एकत्र आले ते एका वेगळ्याच, नाताळाशी नाते असलेल्या पण नाताळ नसलेल्या दिवशी.

तो दिवस म्हणजे २ फेब्रुवारी. नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी युरोपातले ख्रिस्ती लोक मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याचा कँडलमास हा सण पाळत. त्या दिवशी लख्ख ऊन पडले तर थंडी लांबते, अशी समजूत होती. जर्मन भाषक प्रदेशात तिला बिज्जूची जोड मिळाली: बिळातून बाहेर आलेल्या बिज्जूला आपली सावली दिसली तर थंडी अजून बाकी आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात जाऊन वसलेल्या जर्मनांनी हा मान तिथल्या ग्राउंडहॉगला दिला. ग्राउंडहॉग म्हणजे खारीच्या कुळातला, बिळात राहणारा आणि हिवाळाभर झोपून काढणारा जाडजूड प्राणी. पंक्सटॉनी या छोट्या गावातल्या वर्तमानपत्राने १८८६ मध्ये या दिवसाची बातमी छापली, आणि १८८७ मध्ये गावकऱ्यांनी गॉब्लर्स नॉब या टेकडीवर जाऊन पहिला जाहीर समारंभ केला. फिल नावाच्या ग्राउंडहॉगला तिथे दरवर्षी बाहेर काढतात. सावली दिसली की थंडीचे आणखी सहा आठवडे धरायचे.

पटकथाकार डॅनी रुबिनच्या डोक्यात एका अमर माणसाची गोष्ट घोळत होती: संपता न संपणारे आयुष्य मिळाले तर माणूस बदलेल का? त्याला उत्तर द्यायला त्याने एकच दिवस पुन्हा पुन्हा आणायचे ठरवले आणि जवळची सुट्टी कोणती म्हणून दिनदर्शिका उघडली, तर दोन दिवसांवर ग्राउंडहॉग डे होता. ही निवड फार चांगली ठरली. नाताळावर भावनांचे थर आधीच चढलेले असतात. त्या दिवशी माणसाने चांगले वागायचेच असते. ग्राउंडहॉग डेला ना भेटी, ना मेजवानी, ना घरच्यांचे एकत्र येणे. या दिवसात जे काही मोल येईल ते माणसालाच आणावे लागते.

‘ग्राउंडहॉग डे’ हा चित्रपट १२ फेब्रुवारी १९९३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा रुबिन आणि दिग्दर्शक हॅरल्ड रॅमिस यांची. बिल मरीने फिल कॉनर्स या पिट्सबर्गच्या हवामान निवेदकाचे आणि अँडी मॅकडॉवेलने रीटा या निर्मातीचे काम केले. चित्रीकरण पंक्सटॉनीत नव्हे, तर शिकागोजवळच्या वुडस्टॉक या इलिनॉयमधल्या गावात झाले, कारण तिथे सिनेमाला हवा तसा भरलेला चौक होता. रुबिनचा मूळ मसुदा नायक आधीच अडकलेला असताना सुरू होत होता. स्टुडिओला अडकण्याचे कारण हवे होते, म्हणून मधल्या एका मसुद्यात सोडून दिलेल्या प्रेयसीचा शापही आला. तो पुढे गळला, हे चित्रपटाचे भाग्य. फिल का अडकतो याचे उत्तर पडद्यावर कुठेच नाही, त्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष तो अडकून करतो काय याच्यावर राहते.

तो करतो ते या क्रमाने. सकाळी सहाला घड्याळाचे आकडे पडतात, रेडिओवर सॉनी आणि शेर यांचे १९६५ चे गाणे लागते, आणि पंक्सटॉनीच्या खानावळीतल्या खोलीत फिल उठतो. आधी तो गोंधळतो. मग परिणाम नसलेल्या दिवसाची चैन करतो: हादडतो, पैसे लांबवतो, बायकांची माहिती काढून दुसऱ्या दिवशी तीच वापरून त्यांना फसवतो. रीटाबरोबर ही युक्ती चालत नाही. रोज रात्री थप्पड बसते. मग निराशा. तो नाना प्रकारे जीव देतो आणि सहाच्या गजराला पुन्हा जागा होतो. शेवटी पियानो शिकतो, बर्फाच्या मूर्ती कोरायला शिकतो, आणि गावात त्या दिवशी कुणाला कधी मदत लागते याचे वेळापत्रकच त्याला पाठ होते. झाडावरून पडणारे पोर तो रोज नेमक्या क्षणी झेलतो. पोर रोज आभार न मानता पळून जाते. दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पोर झाडावर, म्हाताऱ्या बायकांच्या गाडीचे चाक पंक्चर, हॉटेलात एकाच्या घशात घास अडकलेला.

चित्रपटाचा गाभा मात्र त्या कामाच्या यादीत नाही. रस्त्यावर एक भिकारी म्हातारा असतो. फिल आधी त्याला रोज टाळून जात असतो. एका रात्री तो त्याला दवाखान्यात नेतो आणि म्हातारा मरतो. परिचारिका सांगते की त्याची वेळ भरली होती. फिल ते मानत नाही. पुढच्या दिवशी तो म्हाताऱ्याला हॉटेलात नेऊन गरम सूप पाजतो, मग त्याच्या पुढच्या दिवशी गल्लीत गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडात श्वास फुंकतो. म्हातारा मरतोच. हाताशी अमर्याद दिवस असूनही हा एक माणूस वाचत नाही. विनोदी चित्रपटात इतके स्पष्ट, इतके शांत हरणे क्वचित दिसते, आणि फिलचा खरा बदल याच हरण्यानंतर सुरू होतो. त्यानंतर तो जे करतो त्यात रीटाला जिंकण्याचा डाव उरत नाही. असा एक दिवस सरल्यावर तो सुटतो, ३ फेब्रुवारीला बाहेर ताजा बर्फ पडलेला असतो.

फिल किती काळ अडकला होता याबद्दल रॅमिसने आधी दहा वर्षे असे म्हटले होते, नंतर तीस-चाळीस वर्षांचा अंदाज सांगितला. रुबिनच्या मसुद्यात हा काळ हजारो वर्षांचा होता. खानावळीतल्या पुस्तकांचे रोज एक पान वाचून फिल दिवस मोजायचा. ख्रिस्ती, ज्यू आणि बौद्ध अशा निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी या चित्रपटात आपलीच शिकवण आहे असे रॅमिसला कळवले, आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने सिनेमा आणि श्रद्धा या विषयावरच्या मालिकेत तो दाखवला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्याची निवड झाली. रॅमिस आणि मरी यांचे चित्रीकरणातच बिनसले आणि पुढची अनेक वर्षे ते एकमेकांशी बोलले नाहीत. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी रॅमिसचा मृत्यू झाला. पंक्सटॉनीच्या टेकडीवर चित्रपटानंतर हजारो माणसे जमू लागली. वुडस्टॉकनेही आपला वेगळा उत्सव सुरू केला. बिल मरी ज्या खड्ड्यातल्या पाण्यात पाय घालतो तिथे त्या गावाने पाटी लावली आहे.

या यशानंतर कल्पना कुणाची हा वाद आला. लुपॉफ आणि हीप यांनी खटल्याचा विचार केला आणि वकिलांच्या फेऱ्यांनंतर सोडून दिला. लिऑन आर्डेन या लेखकाने १९८१ च्या आपल्या कादंबरीवरून कोलंबिया पिक्चर्सवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. १९९५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. पुन्हा पुन्हा येणारा दिवस ही कल्पना आहे आणि कल्पनेवर मालकी नसते, असा त्याचा मथितार्थ. त्यामुळे पुढच्यांना वाट मोकळी झाली.

त्या वाटेने सगळ्यात आधी गेली केबल दूरचित्रवाणी. नाताळच्या दिवसांत घरात माणसे जमलेली असतात आणि टीव्ही चालू असतो. फ्रँक काप्राच्या १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चे स्वामित्व नूतनीकरण न झाल्याने १९७४ मध्ये सुटले, वाहिन्यांनी तो फुकटात लावायला सुरुवात केली, आणि पडलेला चित्रपट नाताळचा ठरलेला कार्यक्रम झाला. त्यावरून वाहिन्यांना हंगामाची किंमत कळली. फॅमिली चॅनलने १९९६ मध्ये डिसेंबरभर नाताळचे कार्यक्रम लावण्याचा उपक्रम सुरू केला, आणि त्याच वर्षी हॉवेल्सच्या नावाने ‘ख्रिसमस एव्हरी डे’ हा दूरचित्रवाणीपट केला. त्यात अडकतो तो एक शाळकरी मुलगा. टाइम लूप निर्मात्याला स्वस्तही पडतो: घर एक, कपडे तेच, सजावट तीच, आणि तोच प्रसंग थोड्या फरकाने पुन्हा चित्रित करायचा.

नंतरची नावे भराभर सांगता येतात. १९९९ मध्ये डिस्नेने हॉवेल्सची गोष्ट डोनल्ड डकच्या तीन पुतण्यांना दिली. २००४ मध्ये ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस ईव्ह’ आला, ज्यात एका उद्योगपतीला बाराच संधी मिळतात. २००६ चा ‘ख्रिसमस डू-ओव्हर’ हा १९९६ च्या चित्रपटाचीच नवी आवृत्ती. येथे मुलाच्या इच्छेमुळे घटस्फोटित बाप अडकतो. २०११ च्या ‘ट्वेल्व्ह डेट्स ऑफ ख्रिसमस’मध्ये दुकानात अत्तराचा फवारा अंगावर आल्याने नायिका भोवळ येऊन पडते आणि अडकते. २०२१ मध्ये डिस्ने चॅनलचा ‘ख्रिसमस अगेन’, आणि २०२३ मध्ये हॉलमार्क वाहिनीचा ‘राउंड अँड राउंड’, ज्याची नायिका हनुक्का या ज्यू सणाच्या सातव्या रात्रीत अडकते.

या चित्रपटांत गोडवा आहे, पण रुबिन-रॅमिस यांनी जे जाणूनबुजून टाळले ते यांनी परत आणले. अडकण्याला कारण दिले: अत्तर, इच्छा, देवदूत. संधी मोजून दिल्या. धडा पात्राच्या तोंडून वदवला. मुख्य म्हणजे या घरांत मरणारा म्हातारा नाही. प्रत्येक गोष्ट पुरेशा प्रयत्नांनी नीट होते. हॉवेल्सने दाखवलेले तुटलेले जंगल आणि कंगाल झालेला गावही यात नाही. त्याच्या नावाने निघालेल्या चित्रपटातही नायक सुधारला की काम भागते, भेटवस्तूंच्या बाजाराला कुणी हात लावत नाही. हा बाजार ज्या जाहिरातींवर चालतो त्याच जाहिराती या चित्रपटांच्या मधे लागतात, याचा त्याच्याशी संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

ब्राझीलच्या २०२० च्या ‘तुदो बें नो नाताल के वें’ने मात्र प्रकारात खरी भर घातली. नाताळाला जन्मलेला आणि नाताळाचा तिटकारा असलेला जॉर्जे छतावरून पडतो. जागा होतो तो त्याच दिवशी नव्हे, तर थेट पुढच्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी, आणि मधल्या वर्षाचे त्याला काही आठवत नाही. असे वर्षामागून वर्ष. मुले मोठी होतात, संसार मोडतो, माणसे जातात. सण तेवढा हाताला लागतो आणि आयुष्य निसटते. हॉवेल्सच्या मुलीला साध्या दिवसांची किंमत ज्या अतिरेकातून कळली, ती जॉर्जेला त्यांच्या अभावातून कळते.

भारतात हा प्रकार आला तेव्हा कारणाचा प्रश्न आपल्या पद्धतीने सुटला. २०२१ च्या ‘मानाडु’ या तमिळ चित्रपटात नायकाच्या अडकण्याचा धागा उज्जैनच्या मंदिराशी जोडला. २३ मे २०२५ ला प्रदर्शित झालेला ‘भूल चूक माफ’ हा करण शर्मा दिग्दर्शित हिंदी चित्रपट वाराणसीत घडतो. राजकुमार रावचा रंजन लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीत अडकतो. वामिका गब्बीच्या तितलीशी लग्न व्हावे म्हणून त्याला सरकारी नोकरी हवी असते. ती त्याने लाच देऊन मिळवली आहे, आणि शंकराला बोललेला सत्कर्माचा नवस फेडायचा राहिला आहे. नवस राहिला की दैवत वाट अडवते, ही समजूत मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. रंजन आधी गायीला चारा घालण्यासारखी सोपी सत्कर्मे करून पाहतो. दिवस हलत नाही. ज्याच्या हक्काची नोकरी त्याने घेतली, तो मुलगा त्याला सापडतो आणि ती नोकरी सोडल्यावरच दुसरा दिवस उजाडतो. चित्रपटाची हाताळणी ढिली आहे आणि विनोद बरेचदा ओढून आणलेला आहे. पण सणाच्या दिवसात अडकलेल्या नायकांच्या या दीडशे वर्षांच्या रांगेत बहुतेकांना सुटताना काही ना काही मिळते. रंजन सुटतो तो हातातली नोकरी दुसऱ्याला देऊन.